कापसाच्या खोलीतला राजा

ते साल दोन हजार वीस. बाकीचे त्याला करोनाचं साल म्हणतात, पण मलकापूरपासून सहा-सात मैलांवरच्या निमखेडात त्याचं नाव अजूनही 'कापूस घरात राहिला ते साल' असंच आहे. मार्चात सगळं बंद झालं, त्यात कापसाची सरकारी खरेदीही बंद झाली, आणि ज्याच्या त्याच्या घरात कापूस आढ्यापर्यंत पडून राहिला. कापूस खोलीत आणि माणसं ओट्यावर, असे ते दिवस.

वामनराव दांडग्यांच्या घरी कापूस अडकला तो अडकलाच, सोबत साळाही अडकला.

साळा म्हणजे त्यांच्या बायकोचा, विमलबाईंचा, धाकटा भाऊ गोकुळ उगले. वय अठ्ठावन्न, राहणार मुंबई, धंदा टीव्हीवर काम करण्याचा. आईच्या वर्षश्राद्धाला म्हणून दोन दिवसांसाठी दोन सदरे घेऊन आला, आणि तिसऱ्या दिवशी गाड्या बंद झाल्या. मे महिना उजाडला तरी तेच दोन सदरे आळीपाळीनं दोरीवर वाळत होते. मग वामनरावांनी आपलं एक जुनं बंडीवजा बनियन त्याला दिलं आणि रोज चारचौघांत त्याची आठवणही दिली.

टीव्हीवर काम म्हटलं की लोकांना वाटतं, मोठा माणूस. गोकुळनं तीस वर्षांत मालिकाही मोप केल्या. पण त्याचं काम सहसा दीड मिनिटाचं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर येऊन, तोंडावरचं फडकं खाली ओढून, "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले" असं सांगणारा डॉक्टर तो. मृत्युपत्र वाचून दाखवणारा वकील तो. हवालदार, तलाठी, लग्नातला भटजी, सगळं करून झालं. दोनदा त्याला नुसतं प्रेत म्हणून झोपवलं. त्यातल्या एकदा नाकावर माशी बसली तरी तो हलला नाही, म्हणून दिग्दर्शकानं सगळ्यांदेखत पाठ थोपटली. हे तो आल्यागेल्याला सांगायचा.

चेहऱ्याहून त्याचा आवाज जास्त राबला. लहान पोरांच्या कार्टूनमधली मगर तो, म्हातारा चेटक्या तो, जाहिरातीत दाताला लागलेली कीडही तोच. मुंबईच्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये "कृपया दरवाजा बंद करा" असं सांगत तो दिवसभर वरखाली करत असे. हे अंग त्याला लहानपणापासूनचं. शेगावच्या स्टेशनावर एकदा त्यानं गाडीत बसून कचोरीवाल्याची अशी हुबेहूब आरोळी दिली, की माणसं खिडक्यांतून हात बाहेर काढून बसली आणि खरा कचोरीवाला डब्याडब्यातून 'हा दुसरा कोण?' म्हणून हिंडला. गोकुळ सापडल्यावर त्याच्या कानाखाली बसली. विमलबाई तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या. मारणाऱ्याचा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, "मारू नका हो भाऊ, त्याले कला हाये." कचोरीवाला म्हणाला, "मग घरी ठेवा ना ते."

विमलबाईंनी त्याला घरी ठेवला नाही. आईबापाची समजूत घालून मुंबईला जाऊ दिला. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा. गोकुळनं एकदा तरी हिरोचं काम करावं. गावातल्या बायका विचारत, "विमलबाई, तुमचा भाऊ हिरो कधी होते?" आणि घरात वामनराव म्हणत, "तुहा भाऊ टीव्हीत आला म्हंते, म्हणून मी पाहाले बसतो. तंबाखू मळून वर पाहीस्तोवर तो गेलेला राह्यते."

वामनराव हे मोठ्यांदा म्हणत. ते सगळंच मोठ्यांदा म्हणत. जन्म वावरात गेला; या धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, त्या धुऱ्यावरच्या माणसाशी बोलायची सवय. फोनवर बोलायला लागले की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं.

मेच्या शेवटी गोकुळला फोन आला. पुष्पांजली नावाची बाई मुंबईत दक्षिणेकडच्या मालिका मराठीत आणायचं काम करत असे. चित्र तिकडचं, आवाज आपल्याकडचे. गोकुळची मगर तिनंच करवून घेतली होती. ती म्हणाली, "दादा, राजा विक्रांतसेनाची मालिका आलीय. दोनशेच्या वर भाग आहेत. राजाचा आवाज करणारे गृहस्थ कोकणात गावी अडकलेत, तिथे फोनच लागत नाही. तुम्ही करून बघता का? एक प्रसंग पाठवते. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता वाहिनीवाले ऐकणार. त्यांना आवडलं तर राजा तुमचा. नाहीतर दुसरे एक तयार आहेत."

गोकुळनं फोन ठेवला आणि तो चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"काय झालं बे?" विमलबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"ताई, राजाचं काम आलं."

"राजा मरते का पहिल्याच दिवशी?"

"नाही वं. शेवटलोक जगते."

विमलबाईंची भाकरी तव्यावर तशीच राहून करपली. ती वामनरावांच्या ताटात गेली.

आता प्रश्न जागेचा. असल्या कामाला शांतता लागते, आणि खेड्यात शांतता असते असं फक्त शहरातल्या माणसांना वाटतं. ओट्यावर बसावं तर शेळ्या. मागच्या खोलीत बसावं तर शेजारची पिठाची चक्की. माळवदावर जावं तर वारा आणि वामनराव. शेवटी गोकुळ कापसाच्या खोलीत शिरला, दार लावलं आणि एक टाळी वाजवली. मग बाहेर येऊन त्यानं बहिणीचे दोन्ही हात धरले. "ताई, टाळी परत आली नाही! मुंबईत लाखाच्या खोलीत येते वं परत. इथं कापसानं गिळून टाकली!"

मग त्यानं कापसात बसण्यापुरता खड्डा केला. बॅगेत कायम असणारा छोटा माइक मोबाइलला जोडून पाटीवर मांडला, आणि तोंडातली फुंकर त्यावर जाऊ नये म्हणून विमलबाईंची चहाची गाळणी मध्ये बांधली. त्या दिवसापासून घरात चहा पदरानं गाळला गेला.

प्रसंग असा होता. राज्यात दुष्काळ पडलेला असतो, आणि राजा धान्याचं कोठार उघडून लोकांना सांगतो : "प्रजाजनहो, हे कोठार माझे नाही. तुमचे आहे. आधी तुम्ही जेवा, मग मी जेवेन." एवढंच. गोकुळ छाती फुगवून, घसा खाली उतरवून ते म्हणायचा. दाराबाहेर विमलबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या. त्यांना ते फार भारदस्त वाटायचं.

पुष्पांजलीला वाटेना. पहिल्यांदा ती म्हणाली, "दादा, हा राजा नाही, राजाचा भालदार वाटतो." दुसऱ्यांदा म्हणाली, "आता कीर्तनकार वाटतो." तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "दादा, तुम्ही मध्येमध्ये कण्हताय का?"

तो कण्हत नव्हता, खाजवत होता. महिनोन्‌महिने साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, आणि ते राजा आणि रंक असा भेद करत नाहीत. रोज विमलबाई त्याच्या पाठीला खोबरेल लावायच्या आणि रोज गोकुळ म्हणायचा, "ताई, मले सगळ्यायचे आवाज येतात. डॉक्टर सांग, मगर सांग. पण राजा कसा बोलते, तेच समजून नाही राह्यलं. मी तर कधी पाह्यलाच नाही राजा."

"मोठ्यानं बोल अजून," विमलबाई सांगायच्या. राजा म्हणजे मोठ्यानं बोलणार, याबद्दल निमखेडात कुणालाच शंका नव्हती.

सोमवारी दुपारी वामनरावांच्या फोनवर निरोप आला. खरेदी सुरू झाली होती. त्यांचा नंबर मंगळवारी सकाळी.

"उद्या सकाळी सहाले ट्रॉली भरायची," वामनराव गरजले.

विमलबाई म्हणाल्या, "अहो, उद्या पाचपर्यंत त्याले खोली पाहिजे ना."

"मंग?"

"मंग कापूस परवा न्या."

"काऊन? त्या सरकारले सांगू, का आमच्या खोलीत राजा बसला आहे? नंबर गेला का पंधरा दिवस गेले. मृग आठ दिवसांवर आहे. खोली गळते. तुह्या राजाचं डोकं भिजलं तर चालते, माह्या कापसाचं नाही चालत."

गोकुळ हळूच म्हणाला, "भाऊजी बरोबर बोलून राह्यले, ताई. जाऊ दे." आणि तो गाळणी सोडायला लागला. ते विमलबाईंना पाहवेना. पन्नास वर्षांपूर्वी कचोरीवाल्याचा हात धरला होता; नवऱ्याचा धरता येत नव्हता. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या, आणि सकाळी उठून त्यांनी फर्मावलं, "खोली जाते तर जाऊ द्या. कापूस तर ट्रॉलीतच राहीन ना? गोकुळ ट्रॉलीत बसन. आणि मी बी येतो. तुम्हा दोघायले एकटं सोडलं तर एक कोणीतरी घरी येणार नाही."

ट्रॅक्टर नागसेन इंगळ्यांचा होता. नागसेन गोकुळचे शाळेतले सोबती. मलकापूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते, पंचवीस वर्षं माइकवर गाड्या पुकारून निवृत्त झाले. ट्रॉली भरल्यावर त्यांनी स्वतः मधोमध खड्डा करून दिला, वर ताडपत्रीची कमान उभी केली आणि म्हणाले, "गोकुळ, आजलोक म्या फलाट देले. आज दरबार देऊन राह्यलो."

मलकापुरात जिथं खरेदी होती त्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशी पोचले तर पुढे बेचाळीस गाड्या. नंबर सकाळचा खरा, पण सकाळ सगळ्यांचीच होती. ऊन असं, की ट्रॅक्टरच्या लोखंडाला हात लावला तर फोड यावा. माणसं तोंडाला रुमाल बांधून गाड्यांच्या सावलीत बसलेली. विमलबाईही ट्रॉलीखाली बसल्या, आणि वरून दर दहा मिनिटांनी कापसातून दबका आवाज यायचा, "प्रजाजनहो!"

"ट्रॉलीत कोण हाय हो?" शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं.

"आमचा साळा," वामनराव म्हणाले.

"बिमार हाय का?"

"नाही. राजा हाय."

तो माणूस आपली बसायची सतरंजी उचलून चार हात लांब गेला.

तीन वाजेपर्यंत गोकुळनं सतरा वेळा कोठार उघडलं. एकदा मध्ये भोंगा, एकदा मध्ये शिंक, आणि उरलेल्या वेळी मध्ये गोकुळच. पुढच्या गाड्या सरकत होत्या. सव्वातीनला पुढे एकच गाडी राहिली. ट्रॉली आत गेली की कापूस खाली होणार आणि राजा उघड्यावर पडणार. विमलबाई फाटकाकडे बघत मनात म्हणत होत्या, गजानन महाराज, तेवढा काटा जरा अडकू द्या. मग स्वतःच्याच मालाचा काटा अडकायची प्रार्थना केली म्हणून त्यांनी गालात मारून घेतली.

आणि तेवढ्यात मागं भांडण पेटलं.

गणेश नावाचा एक तरणा शेतकरी बैलगाडी घेऊन रांगेत होता, पार तिसाव्या जागेवर. उन्हानं त्याचा एक बैल बसला, उठेना. तो गाडी पुढे सावलीत घ्यायला बघत होता आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले होते. "नंबर तोडते का बे!" "बैलाच्या नावानं घुसून राह्यला!" "काल एक असाच बायकोचं नाव सांगून घुसला!" एकानं जू धरलं, दुसऱ्यानं गणेशची गचांडी.

वामनराव उठले. विमलबाईंना वाटलं, आता हे ओरडणार आणि आगीत तेल पडणार. पण वामनराव चालत गेले, बैलापाशी वाकले, त्याच्या नाकपुडीवर हात ठेवला. मग उभं राहून म्हणाले,

"याले माह्या जागेवर येऊ द्या. मी याच्या जागेवर थांबतो."

ओरडले नाहीत. घरात माणूस निजलेलं असताना बोलावं, तसं म्हणाले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात विमलबाईंनी तो आवाज दोनदाच ऐकला होता : सासरे गेले तेव्हा, आणि थोरल्या मुलीच्या वेळी बाळंतपण अडलं तेव्हा. किरकोळ गोष्टींवरच वामनराव आरडाओरडा करत. खऱ्या गोष्टीला त्यांना आवाज चढवावा लागत नसे.

गचांडी धरणारा म्हणाला, "पण काका, टोकन..."

"जनावर हाय, बापू. त्याले टोकन वाचता येत नाही."

जू सुटलं, गचांडीही सुटली. चाळीस माणसं दोन्ही बाजूंना झाली. दोघांनी बैलाला पाणी दाखवून उठवलं, आणि बैलगाडी त्या मधल्या वाटेनं हळूहळू फाटकाकडे गेली.

ट्रॉलीवरची ताडपत्री उचलली गेली. कापसातून गोकुळचं डोकं वर आलं. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, जसा शंभर वर्षांचा म्हातारा.

"ताई," तो म्हणाला, "हाच!"

"हाच काय?"

"राजा! अवं, तो वरडतच नाही!" आणि डोकं पुन्हा कापसात गेलं.

नागसेननी ट्रॉली मागे गणेशच्या जागेवर नेऊन लावली आणि ते ट्रॅक्टरच्या बोनेटवर चढले. पंचवीस वर्षांचा सराव घशातून बाहेर आला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! मुंबईकडे जाणारा राजा विक्रांतसेन थोड्याच वेळात सुटत आहे. सर्वांनी फक्त पाच मिनिटं शांत राहावं. ज्याचा फोन वाजन, त्याची गाडी रद्द!" माणसं हसली, पण गप्प झाली. फोन बंद झाले. एकानं आपल्या पोटात गुडगुडतंय म्हणून दोन्ही हात पोटावर दाबून धरले. त्या पाच मिनिटांत कापसाच्या आतून एक आवाज आला, इतका हळू, की मागचे लोक पुढे वाकले :

"प्रजाजनहो, हे कोठार माझे नाही. तुमचे आहे. आधी तुम्ही जेवा, मग मी जेवेन."

गणेशच्या जागेमागच्या गाडीवरचा एक म्हातारा डोळे पुसायला लागला. "आमच्या वक्ताले असा सरपंच पाहिजे होता," तो म्हणाला.

प्रसंगात द्वारपालाचं एक वाक्य होतं, "महाराजांचा विजय असो!" ते नागसेननी बोनेटवरूनच ठोकलं. पावणेपाचला आवाज मुंबईला गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पुष्पांजली होती.

"दादा, हा कोण आहे?"

"मीच आहे, मॅडम."

"नाही. हा तुमचा आवाज नाही. कुणाचा काढलात, खरं सांगा."

गोकुळनं समोर पाहिलं. वामनराव फाटकावरच्या माणसाशी, कुणाचा तरी कापूस ओला आहे की कोरडा यावर, पंचक्रोशीला ऐकू जाईल अशा आवाजात भांडत होते. "आमच्याकडचे एक गृहस्थ आहेत," तो म्हणाला. "फार क्वचित बोलतात."

"वाहिनीवाले म्हणताहेत, उद्यापासून सुरू करा. राजा तुमचा. आणि द्वारपालही तोच ठेवा."

विमलबाई ट्रॉलीच्या चाकाला टेकून रडल्या. परत येताना रिकाम्या ट्रॉलीत बसल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, खरं सांगा. जागा बैलासाठी सोडली, का माह्या भावासाठी?"

"बैलासाठी," वामनराव ओरडले. "तुह्या भावासाठी कायले सोडू? तो काय उन्हात बसला होता?"

बाकीचे भाग गोकुळनं गाद्या उभ्या करून, गोधड्यांच्या तंबूत पुरे केले. श्रावणात मालिका सुरू झाली. पहिल्याच दिवशी विमलबाई स्वयंपाकघरात होत्या, बाहेरून राजा म्हणाला, "जरा इकडे येता?" आणि त्या हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणता?" वामनराव टीव्हीसमोर तंबाखू मळत बसले होते. "मी कुठं काय म्हटलं? तो राजा बोलून राह्यला." मग थोडं ऐकून म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटते वं. आपल्या बेलाडच्या मामासारखा." साऱ्या गावानं ओळखला, एकट्या वामनरावांनी शेवटपर्यंत ओळखला नाही.

आता पुढचं.

गणेशचा बैल जगला. पुढची तीन सालं वखराला चालला, मग गणेशनं त्याला विकलं नाही, गोठ्यातच ठेवलं.

नागसेन इंगळ्यांनी दोनशे चौदा भागांत एकशे नव्वद वेळा महाराजांचा विजय केला. त्यांनी नावाची कार्डं छापून घेतली आहेत : वर 'दूरचित्रवाणी कलावंत', खाली 'ट्रॅक्टर भाड्याने मिळेल'.

पुष्पांजली शेगावला दर्शनाला आली तेव्हा वाट वाकडी करून निमखेडला आली, तो भारी स्टुडिओ बघायला. त्या खोलीत तेव्हा तुरीची पोती होती आणि एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. पुष्पांजलीनं टाळी वाजवली. कोंबडी तिच्या अंगावर आली.

गोकुळ मुंबईला परत गेला. आता त्याला राजे, संत आणि सज्जन आजोबा एवढीच कामं येतात. मगरीसाठी दुसरा माणूस घेतला, याचं त्याला वाईट वाटतं. फोनवर म्हणतो, "ताई, राजाले नुसतं हळू बोला लागते वं. मगरीत खरी कला होती."

वामनरावांना गावात 'महाराज' म्हणायला लागले. ते चिडले, आणि आपण कुणासारखे नाही हे दाखवायला पहिल्याहून मोठ्यानं बोलू लागले. सरपंचकीला उभे राहा म्हणून लोक आले, तर त्यांना फाटकाबाहेर घालवलं. तेही हळू आवाजात नाही.

आणि विमलबाईंनी मालिकेचे सगळे भाग पाहिले, शेवटचा सोडून. शेवटच्या भागात राजा मरतो, हे गोकुळनं आधीच सांगितलं होतं. त्या आवाजानं "आता मी निघतो" म्हणायला सुरुवात केली मात्र, त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि त्या तरातरा वावरात गेल्या. वामनराव धुऱ्यावर उभे राहून कुणाच्या तरी शेळ्यांच्या नावानं बोंबलत होते.

"काऊन आली वं उन्हाची?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," विमलबाई म्हणाल्या आणि धुऱ्यावर बसल्या. "तुमचं चालू द्या. वरडा."